गफूरचाचांचा काठोकाठ गिलास

आमच्या गल्लीतले गफूरचाचा गाडी चालवतात तेव्हा समोरच्या काचेखाली, स्टिअरिंगच्या जरा डावीकडे, पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा गिलास ठेवतात. पिण्यासाठी नाही. त्या गिलासाला कुणी तोंड लावलेलं त्यांना अजिबात चालत नाही. मी एकदा लावलं होतं. मे महिना होता, अंबाजोगाई तव्यासारखी तापली होती, आणि ते पाणी माझ्या नाकासमोर डुचमळत होतं. मी गिलास उचलला, दोन घोट घेतले. चाचांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घराचा पायाच उकरला होता. आणि म्हणाले, "उतर."

मी उतरलो. भर उन्हात चालत घरी आलो. एका वयस्क माणसाने दोन घोट पाण्यासाठी मला रस्त्यात सोडावं, याचा मला धक्काच बसला.

पण हे पुढचं झालं. ओळख झाली ती भांडणातून.

माझं गाव गेवराई तालुक्यातलं चकलांबा. आमच्या घरात पुस्तकं मोजकी आणि पत्रकं पोत्याने. वडील कुठल्या ना कुठल्या मोर्चात असायचे, आणि मोर्चाहून उरलेली पत्रकं घरी यायची. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकलो. त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. दोन वर्षांपूर्वी मी अंबाजोगाईत खोली घेतली, आणि पहिल्याच सकाळी अन्याय समोरच्या घरातून ऐकू आला.

आधी एक घरघर सुरू झाली, पिठाच्या गिरणीसारखी. ती चढत चढत किंकाळीपर्यंत गेली. मग एकदम थांबली. मध्ये "खट्" असा आवाज झाला आणि त्यानंतर प्रेशर कुकरने दम धरून मारावी तशी लांबलचक शिट्टी. मी खिडकीत गेलो. समोर पत्र्याचं गॅरेज होतं. त्यात एक पांढरी, गोल पाठीची, पूर्वी ज्यात मंत्री बसायचे तसली जुनी गाडी उभी होती. बॉनेट उघडं होतं आणि आतून नळ्या अशा बाहेर आल्या होत्या, की कुणीतरी ऑपरेशन अर्धवट टाकून जेवायला गेलंय.

तीन दिवस मी सहन केलं. चौथ्या दिवशी "आवाजाचा अत्याचार थांबवा" असं पत्रक लिहिलं, खाली सह्यांसाठी रेघा मारल्या, आणि गल्लीत निघालो.

एकही सही मिळाली नाही. गिरणीवाले शिंदे म्हणाले, "आवाज? कसला आवाज?" तेव्हा समोर ती शिट्टी चालूच होती आणि शिंदे ओरडून बोलत होते. शेजारच्या आजी म्हणाल्या, "मला त्या आवाजाशिवाय झोप लागत न्हाई बाबा." किराणावाल्याने कागद हातातही घेतला नाही. तो म्हणाला, "भाऊ, तुमी नवीन हायेत. ऱ्हाऊ द्या."

मी हादरलो. एका मेकॅनिकची एवढी दहशत? तसाच एकटा गॅरेजमध्ये शिरलो.

चाचा इंजिनावर वाकले होते. साठी ओलांडलेला काटक माणूस, मेंदीने लाल केलेली दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. तिचा मूळ रंग पांढरा असावा असा माझा अंदाज आहे.

"आवाजाबद्दल बोलायचंय," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. "थांब. पंखा फिरू दे."

मी वर पाहिलं. गॅरेजात पंखा नव्हता. पंधरा मिनिटं थांबलो. चाचा नट पिळत राहिले. शेवटी मी परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. चाचा उभे होते. म्हणाले, "तू काल सवाल केलतास. जवाब हाय. आवाज कमी होणार न्हाई." आणि गेले.

ही त्यांची पद्धत आहे, हे मला पुढे कळलं. कुठल्याही प्रश्नाला ते आधी "पंखा फिरू दे" म्हणतात. उत्तर कधी तासाने येतं, कधी परवा. एकदा मी त्यांना विचारलं होतं की चहा घेणार का, आणि तिसऱ्या दिवशी भर बाजारात मला गाठून ते म्हणाले, "घेतो."

याचं कारण त्यांच्या मते ते टर्बो आहेत.

हे समजावून सांगायला त्यांनी मला एका उपड्या डब्यावर बसवलं. "हे बघ पत्रकवाले. इंजनला काय लागतं? तेल लागतं आन् हवा लागते. जितकी हवा कोंबशील तितका जोर. आता कोंबायची कशी? दोन तऱ्हा हायेत." त्यांनी एका वाटोळ्या गोगलगायीसारख्या लोखंडी तुकड्यावर हात ठेवला. "ह्यो टर्बो. सायलेन्सरमधून वाया जाणारा धूर ह्याच्या पंख्यावर मारायचा. पंखा फिरला की हवा कोंबतो. फुकटात. पण धूर जोरात यायला आधी इंजन पळाया लागतं. तवर तू पाय दाबून बस. पंखा फिरू दे."

मग दुसऱ्या, चौकोनी डब्यावर हात ठेवला, जरा हळुवारच. "ह्यो सुपरचार्जर. हिचा पट्टा डायरेक्ट इंजनला. इंजन हललं की ही फिरलीच. सवाल संपायच्या आत जवाब. पण इंजनचाच जोर खाते, आन् वेग वर गेला की धापा टाकते." डब्याचा "ह्यो" बोलता बोलता "ही" झाला होता. मी ते तेव्हा मनावर घेतलं नाही.

"मग यातलं एक काहीतरी लावा," मी म्हणालो.

"दोनी लावलेत."

"एकाच इंजिनाला?"

"खाली ती, वर मी," चाचा म्हणाले, आणि पुन्हा नट पिळू लागले.

सुपरचार्जर त्यांनी एका भंगारात निघालेल्या परदेशी गाडीचा आणला होता. टर्बो एका जुन्या डिझेल जीपचा. मधली पुली लेथवर करून घेतली होती. पट्टा कुठला विचारलं तर म्हणाले, "शिंद्याच्या गिरणीचा." मी पुन्हा हादरलो. ज्यांच्याकडे मी सही मागायला गेलो होतो ते या गुन्ह्यात सामील होते.

गल्लीतल्या प्रत्येक माणसाची जात चाचांनी या दोन यंत्रांवरून ठरवली होती. शिंदे टर्बो. किराणावाला सुपरचार्जर, कारण गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत तो पुडी बांधतो. एका पुढाऱ्याची प्रचारगाडी गल्लीतून गेली तेव्हा चाचा बराच वेळ कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "सायलेन्सर काढलेला हाय बे नुसता. इंजन तेवढंच."

"आणि मी?" मी विचारलं.

या एका प्रश्नाला पंख्याची गरज लागली नाही. "तू? तू हॉर्न हायेस."

मी रागावलो, पण जाणं थांबवलं नाही. शत्रूची माहिती काढावी, असं मी स्वतःला सांगत होतो. त्यातच तो गिलासाचा प्रकार पाहिला.

दर दोन-तीन दिवसांनी, दुपारी दोनच्या उन्हात रस्ता मोकळा असतो तेव्हा, चाचा गाडी काढायचे. गिलास काठोकाठ भरायचे, समोर ठेवायचे, आणि परळीच्या घाटाकडे जायचे. घाट उतरायचे, खाली वळवायचे, आणि तिसरा गिअर टाकून वर यायचे. एकच नियम. खालच्या पहिल्या वळणापासून माथ्यापर्यंत गिअरला हात लावायचा नाही. समोर ट्रक रांगत असला तरी तिसरा, रस्ता मोकळा झाला तरी तिसरा. माथ्यावर थांबून गिलासात बोट बुडवायचं आणि पाणी काठापासून किती खाली गेलं ते मोजायचं.

मी पहिल्यांदा सोबत गेलो तेव्हा सीट घट्ट धरून बसलो होतो. मला वाटलं होतं, एवढी दोन यंत्रं लावलेली गाडी आता विमानासारखी सुटणार. चाचा बैलगाडीच्या बेताने चालवत होते. मागून एक म्हातारा मोपेडवर आला, आम्हाला मागे टाकून गेला, आणि जाताना त्याने आमच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

जिल्ह्यातलं बहुधा सर्वांत जोरकस इंजिन, आणि त्याची परीक्षा काय, तर पाणी सांडता कामा नये.

सांडायचं ते एकाच क्षणी. खाली सुपरचार्जर ओढत असायचा तोवर पाणी स्थिर. गाडीने वेग धरला, की सुपरचार्जर सुटायचा आणि टर्बो पकडायचा. त्या मधल्या क्षणाला "खट्". गाडी जराशी अडखळायची आणि पाणी काठावरून उडी मारायचं.

"ती सोडती आन् मी धरतो," चाचा म्हणायचे. "मधी कुणीच नसतं. त्येवढं एक बसंना झालंय."

परत आलो की आणखी एक विधी. गॅरेजच्या मागच्या भिंतीत एक खिडकी होती, खिडकीला हिरवा पडदा. चाचा गाडी बंद करायचे, आणि पडद्यामागून लगेच आवाज यायचा, बाईचा, करकरीत.

"कित्ता?"

"तीन उंगल," चाचा म्हणायचे.

"भोत हाय."

बस. एवढंच. चाचा मान खाली घालून बॉनेट उघडायचे. कधी अडीच उंगल असायचं, कधी दोन. पडद्यामागून निकाल तोच यायचा. भोत हाय.

चार-पाच वेळा हे ऐकल्यावर माझ्यातला पत्रकवाला जागा झाला. दोन वर्षं मी या गल्लीत राहत होतो आणि या बाईला एकदाही पाहिलं नव्हतं. ना दारात, ना ओट्यावर, ना दुकानात. एक हुशार, तीक्ष्ण बाई, आणि तिच्या वाट्याला जग म्हणून काय, तर गॅरेजकडे उघडणारी एक खिडकी आणि तिच्यावर पडदा. मी बसून एका दमात लिहिलं. मथळा दिला, "पडद्यामागचा आवाज". कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. छापण्याआधी ते त्या माणसाच्या तोंडावर वाचून दाखवायचं धैर्य आपल्यात हवं, असं मला वाटलं. गॅरेजात जाऊन उभा राहिलो.

"चाचा, तुमच्या बायकोबद्दल लिहिलंय. ऐका."

चाचांच्या हातातला पाना थांबला. "थांब," ते म्हणाले. "पंखा..."

"आत ये बेटा," पडद्यामागून आवाज आला. "इथं वाच. पुरं वाच."

मी आत गेलो.

खिडकीला लागून एक फळीचा पलंग होता. गादी नाही, नुसती सतरंजी. त्यावर जुबेदाचाची सरळ, पाठीवर, खिळ्यासारख्या झोपल्या होत्या. कंबरेपासून छातीपर्यंत पांढरा जाड पट्टा. खिडकीच्या गजाला सुतळीने एक आरसा तिरपा बांधला होता. त्यांना मान वळवता येत नव्हती, म्हणून त्या आरशातून गॅरेज बघत होत्या. मी त्यांना समोर दिसण्याआधी आरशातच दिसलो असणार.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचू लागलो. "हजारो भगिनी आजही चार भिंतींत कोंडलेल्या..." चार वाक्यं झाली. पाचव्याला मी थांबलो.

"थांबलास कावून? पुढं मी बंड करते का?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

"बंड कराया उठाया लागतं बेटा. त्येवढं जमत न्हाई." आणि त्या हसल्या, पण हसणं पाठीपर्यंत पोचू नये अशा बेताने, नुसत्या ओठांनी. "भाषा मात्र चांगली हाय तुझी. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय. वाक्यं लई लांब लिहितोस. पोरं झोपतील."

त्या दिवशी मला जे कळलं ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. मी फक्त सह्या मागितल्या होत्या.

चाची चार वर्षांपूर्वी शाळेच्या पायऱ्यांवरून पडल्या. मणक्याचं ऑपरेशन झालं, स्क्रू बसले. पट्टा बांधून तास-दीड तास बसता येतं, तेही धक्का लागला नाही तर. ती खिडकी तर आधी नव्हतीच. तिथं भिंत होती. चाचींनी म्हटलं, दिवसभर आढं बघून डोकं फिरतं, त्यापेक्षा तुमचं काळं तोंड तरी दिसू द्या. चाचांनी म्हटलं नाही की पंखा फिरू दे. त्याच दिवशी पहार घेऊन भिंत फोडली. पडदा धूळ आणि धूर आत येऊ नये म्हणून.

मी पत्रकाची घडी घातली आणि खिशात कोंबली. 

चाचींचं माहेर सिरसाळा. तिथं त्यांची थोरली बहीण आहे, सगळे तिला आपा म्हणतात. आपाचं वय झालंय, तिला प्रवास होत नाही. ऐकूही येत नाही, म्हणून साधा फोन उपयोगाचा नाही. भाचा व्हिडिओ लावून देतो, पण आपा फोन असा धरते की चाचींना तिचं फक्त कपाळ दिसतं. "तीन वर्षं मी कपाळाशी बोलते," चाची म्हणाल्या.

ऑपरेशननंतर एकदा चाचांनी त्यांना सिरसाळ्याला नेलं होतं, याच गाडीतून. जाताना घाट उतरायचा असतो. गाडी सोडून दिली की ती आपली अलगद उतरते. काही झालं नाही. येताना चढ. गाडी जुनी, इंजिनात जीव नाही, पुढे उसाचा ट्रॅक्टर. तिसरा, दुसरा, पहिला, पुन्हा दुसरा. प्रत्येक गिअरला एक धक्का.  चाचा घाट चढत राहिले. घरी येऊन उतरवताना त्यांनी पाहिलं, चाचींचा खालचा ओठ दातांनी फाटला होता.

"एकोणतीस," चाची मला म्हणाल्या. "घाटात एकोणतीस येळा गिअर बदलला त्यांनी. मी मोजत होते. मोजलं की जरा बरं वाटतं."

त्यानंतर त्यांनी माहेरचं नाव काढलं नाही. आणि चाचांनी बॉनेट उघडलं.

"अॅम्ब्युलन्स करा ना," मी बावळटासारखं म्हणालो.

"त्यात झोपवून नेतात," चाची म्हणाल्या. "घरातून आडवं होऊन जायचं ते एकदाच. त्याची मला घाई न्हाई. माहेरी मी बसून जाईन. पुढच्या सीटवर."

बाहेर चाचा पाना आपटत होते. आता कुठे त्यांचा पंखा फिरला होता. खिडकीतून ते म्हणाले, "तू लिहिलंस त्ये छाप. खोटं काय हाय त्यात. ती कोंडलेलीच हाय."

त्या दिवसापासून गिलास भरायचं काम मी मागून घेतलं.

अडचण एकच उरली होती, तो मधला झटका. चाचांनी क्लच बदलला, झडप बदलली, नळीची लांबी बदलली. दोन उंगल, दीड उंगल, पुन्हा दोन. दीडच्या आत आकडा यायला तयार नव्हता. उन्हाळा सरत चालला. आपाची तब्येत बरी नाही असं भाच्याने कळवलं. चाचा गप्प झाले, आणि ते आधीच एवढे कमी बोलायचे की फरक फक्त चाचींना कळला.

एका दुपारी "दोन उंगल" ऐकल्यावर पडद्यामागून नेहमीचा निकाल आला नाही. चाची म्हणाल्या, "ती एकदम सोडती कावून?"

"मंग? सोडायाच लागती. माझा नंबर येतो."

"तुमी धरल्याबिगर तिनं सोडायचंच न्हाई. थोडा वेळ दोघांनी ओढायचं. मंग तिनं हळूहळू हात काढायचा." मग त्या म्हणाल्या, "माझी शिलाईची मशीन काढा. दोरा ताणून धरते ती स्प्रिंग हाय ना, ती लावा झडपेला. ती एकदम सोडत न्हाई."

सुपरचार्जरच्या झडपेला शिलाई मशीनची स्प्रिंग. हे ऐकून मी थक्क होऊन चाचांकडे पाहिलं. ते चाचींना वेड्यात काढतील असं वाटलं होतं. ते आत जाऊन मशीनवरची धूळ पुसत होते. ती एकच स्प्रिंग काही त्या झडपेला पुरणारी नव्हती. पण तिच्यावरून माप आणि वळण घेऊन चाचांनी जाड तारेची तशीच मोठी स्प्रिंग वळली. दुसऱ्या दिवशी घाटात पाणी अर्धं उंगल उतरलं.

"कित्ता?"

"आधा."

 पडद्यामागून आवाज आला, "परवा जुम्मा हाय. त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ."

त्या शनिवारी सगळी गल्ली बाहेर आली होती. शिंद्यांनी गिरणी बंद ठेवली. चाचींना पट्टा बांधून, चौघांनी धरून पुढच्या सीटवर बसवलं. त्यांनी निळी साडी नेसली होती आणि डोळ्यांत सुरमा. मी मागे बसलो, मदतीला म्हणून.

चाचांनी गिलास समोर ठेवायला घेतला. चाची म्हणाल्या, "इकडं द्या. मी धरते."

"हात हलतो."

"हलू द्या. मी असताना लोखंडावर कशाला ठिवता."

चाचांचा पंखा फिरायच्या आत गिलास चाचींच्या हातात होता.

उतरताना काही झालं नाही. सिरसाळ्यात आपा दारात खुर्ची टाकून बसली होती. गाडी अगदी तिच्या गुडघ्याला लागेल एवढी जवळ घेतली, म्हणजे चाचींना उतरायला नको. दोघी खिडकीतूनच एकमेकींना बघत राहिल्या. आपाने हाताने चाचींचं तोंड हनुवटीपासून कपाळापर्यंत चाचपलं आणि बहिऱ्या माणसांच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "फोनात तुझं निस्तं नाक दिसायचं गं." चाची काहीतरी बोलल्या. आपाला ते ऐकू आलं नाही, पण ती मान हलवत राहिली.

पाऊण तासाने निघालो. घाटाच्या पायथ्याशी चाचांनी गाडी थांबवली, गिलास पुन्हा काठोकाठ भरून घेतला, आणि पहिलं वळण यायच्या आत तिसरा गिअर टाकला.

पहिल्याच वळणावर ट्रॅक्टर लागला. सुपरचार्जर घरघरत खालून ओढू लागला. चाचांचा हात गिअरकडे गेलाच नाही. चाची समोर बघत होत्या. ट्रॅक्टरने बाजू दिली, चाचांनी पाय दाबला, घरघर चढली, आणि शिट्टी सुरू झाली. दोन्ही आवाज क्षणभर एकत्र चालले. मग घरघर विरली.

झटका बसला. पूर्वीसारखा नाही. पण बसला. मला मागे जाणवला. चाचींच्या बोटांची पेरं पांढरी झाली आणि पाणी काठावर येऊन थबकलं.

पुढे आणखी वळणं होती. म्हणजे आणखी झटके होते. पाणी आता सांडणार, साडीवर पडणार, आणि माथ्यावर चाचा ते बघणार. ज्यासाठी हा माणूस तीन वर्षं इंजिनात डोकं घालून बसला, ते जमलं नाही हे तिथं ओल्या साडीवर दिसणार होतं.

चाचींनी गिलास ओठाला लावला आणि दोन घोट घेतले.

 त्या गिलासातून मी दोन घोट प्यालो होतो तेव्हा काय झालं होतं ते मला आठवत होतं. बाजूच्या आरशात चाचींची आणि माझी नजर मिळाली. बत्तीस वर्षं वर्ग गप्प करणारी ती नजर होती.  पुढचे झटके बसले, पाणी गिलासाच्या आतल्या आत हललं, बाहेर आलं नाही. चाचींचे ओठ मिटलेले होते. ओठ दाताखाली नव्हता, एवढं मी पाहिलं.

माथ्यावर चाचांनी गाडी थांबवली. समोर बघतच विचारलं, "कित्ता?"

"एक बूंद न्हाई," चाची म्हणाल्या. "साडी बघा. कोरडी हाय."

चाचांनी साडी पाहिली. गिलास पाहिला. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून गाडी पुढे काढली.

मी आजवर पत्रकांत डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं, असा मला अभिमान होता. त्या वेळी मी पाहिलं आणि तोंडातून शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढे घेऊन गॅरेजात गेलो. बॉनेट उघडं होतं. चाचांनी झडप काढली होती आणि स्प्रिंग उजेडाकडे धरून बघत होते.

"आता काय राहिलं चाचा? जमलं की सगळं."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. पडदा स्थिर होता. मग माझ्याजवळ आले, आणि त्या गॅरेजात मी पहिल्यांदाच त्यांचा आवाज एवढा खाली ऐकला.

"न्हाई जमलं. ती प्याली."

"तुम्हाला दिसलं?"

"वर आरसा हाय की. तिच्याकडंच वळवलेला."

"मग बोलला का नाहीत? मला तर भर उन्हात उतरवलं होतं."

मला वाटलं, आता पंखा फिरेल आणि उत्तर परवा मिळेल. पण चाचांनी हातातली स्प्रिंग दोनदा दाबून सोडली आणि लगेच म्हणाले,

"तहान लागली आसंल तिला."

"काय कुजबुज चाललीय?" पडद्यामागून आवाज आला.

"कुटं काय. नट पडला," चाचा मोठ्याने म्हणाले, आणि रिकामा गिलास माझ्या हातात दिला.